वाट पाहणाऱ्याचा हिशोब कुणाच्या वहीत?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास भेटतो: नोकरभरतीत उमेदवारांशी होणारा, खरं तर न होणारा, संवाद. विषय का निवडला हे विचारावं लागत नाही. पेट, नेट, सेट, तलाठी, एमपीएससी, बँक यातला एकही फॉर्म न भरलेला पदव्युत्तर विद्यार्थी नागपुरात शोधूनही सापडायचा नाही. फॉर्म भरला, फी गेली, पेपर दिला आणि पुढे महिनोन्‌महिने काहीच कळलं नाही, हे इतक्यांच्या बाबतीत झालेलं असतं की त्यावर संशोधन करावंसं वाटणं साहजिकच आहे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. आपण गुगल स्कॉलर उघडतो, 'ॲप्लिकंट रिॲक्शन्स' असं टाकतो, पेपरांचा ढीग मिळतो. त्यातली एखादी प्रश्नावली उचलतो, दोनशे मुलांकडून भरून घेतो आणि निष्कर्ष लिहितो. आजची पोस्ट या उचलण्याबद्दल आहे. या विषयावरचं गाजलेलं संशोधन नेमकं काय सांगतं, ते कुठल्या परिस्थितीत जन्मलं आणि आपल्याकडे आणलं की कुठे अडतं, हे बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे बहुतेक संशोधन 'उमेदवाराला नीट कळवलं नाही तर नोकरी देणाऱ्या संस्थेचं काय नुकसान होतं' हे मोजतं. जिथे संस्थेचं काहीच बिघडत नाही, तिथे या फुटपट्टीवर प्रश्नच दिसत नाही. आणि आपल्याकडची बहुतेक भरती नेमकी तशीच आहे.

आधी लिटरेचर काय म्हणतं

सुरुवात अर्थशास्त्रातून होते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये 'सिग्नलिंग'ची मांडणी केली. कंपनीला उमेदवार आतून कसा आहे हे दिसत नाही, म्हणून ती डिग्रीसारख्या बाहेरच्या खुणेवरून अंदाज बांधते. या कामासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं.

मग मनुष्यबळ व्यवस्थापनातल्या संशोधकांनी हीच गोष्ट उलटी करून पाहिली. उमेदवारालाही कंपनी आतून दिसत नसते. मग तो कशावरून अंदाज बांधतो? राइन्स, ब्रेट्झ आणि गेरहार्ट यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठातल्या ४१ विद्यार्थ्यांच्या, नोकरी शोधत असतानाच्या काळात, पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. त्यात दिसलं की मुलं बारीकसारीक गोष्टींवरूनही कंपनीबद्दल मत बनवतात. मुलाखत घेणारा किती तयारीचा होता, पॅनेलवर बाया किती होत्या, आणि कळवायला किती उशीर लावला. 'उत्तरच देत नाहीत, म्हणजे आत काहीतरी गडबड असणार,' अशा धाटणीचा हा विचार.

१९९३ मध्ये स्टीफन गिलिलँड यांनी न्यायाच्या कल्पनेवर आधारलेलं मॉडेल मांडलं. निवडप्रक्रिया उमेदवाराला न्याय्य वाटण्यासाठी दहा नियम त्यांनी सांगितले. वेळेवर फीडबॅक देणं, निवड कशी केली याची माहिती देणं, खरं बोलणं, माणसाशी माणसासारखं वागणं, दोन्ही बाजूंनी बोलता येणं, हे त्यातले काही. संवादावर काम करायचं असेल तर हा पेपर वाचल्याशिवाय सुटका नाही.

पुढे २००४ मध्ये हॉसक्नेक्ट आणि सहकाऱ्यांनी ८६ सॅम्पल, एकूण ४८,७५० माणसं, असं मेटा-ॲनालिसिस केलं. ज्यांना प्रक्रिया न्याय्य वाटली, त्यांना संस्था जास्त आकर्षक वाटली, ऑफर स्वीकारण्याचा कल जास्त होता आणि इतरांना ती संस्था सुचवण्याची तयारीही जास्त होती.

इथवर सगळं पटतं. मग टीका कशावर?

परिणाम कुणाचा मोजला?

मेटा-ॲनालिसिसमधला तो शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. संस्थेचं आकर्षण, ऑफर स्वीकारण्याचा कल, इतरांना शिफारस. हे तिन्ही परिणाम संस्थेच्या वहीतले आहेत. उमेदवाराला कळवलं नाही तर संस्थेला चांगली माणसं मिळणार नाहीत, तिचं नाव खराब होईल, असा हा हिशोब आहे.

उद्योगजगतात तर हा हिशोब उघड रुपयांत, म्हणजे पौंडांत, केला गेला. ब्रिटनमधल्या व्हर्जिन मीडिया या कंपनीचं उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात नेहमी दिलं जातं. नाकारलेल्या उमेदवारांत बरेच जण कंपनीचे ग्राहकही होते, भरतीत वाईट वागणूक मिळाल्यावर त्यातल्या काहींनी कनेक्शन तोडलं, आणि कंपनीने हे नुकसान वर्षाला सुमारे ४४ लाख पौंड इतकं काढलं. मग उमेदवारांशी नीट वागण्यासाठी खर्च झाला. चांगलं झालं, नाही असं नाही. पण उमेदवाराची किंमत इथे कशामुळे वाढली? तो ग्राहक निघाला म्हणून.

गिलिलँड यांच्याशी प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या मॉडेलमध्ये उमेदवाराचा आत्मसन्मान आणि स्वतःवरचा विश्वास हेही परिणाम आहेत. म्हणजे उमेदवाराची बाजू अगदीच गायब नाही. पण ती मनापुरती आहे. उमेदवाराचे गेलेले महिने, खोलीभाडं, मेसचे पैसे, सोडलेली दुसरी नोकरी, संपत आलेलं वय, यासाठी त्या मॉडेलमध्ये रकाना नाही.

आणि १९९१ च्या त्या पेपरमध्ये एक अट होती. उशिरावर नाराज होण्याचं प्रमाण सगळ्यांमध्ये सारखं नव्हतं. चांगले ग्रेड असलेल्या आणि नोकरीच्या शोधात जास्त यश मिळत असलेल्या मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, ते ठळक होतं. म्हणजे ज्यांच्या हातात दुसरा पर्याय होता, त्यांचं नाराज होणं कंपनीला महागात पडत होतं. सिनॉप्सिस लिहिताना आपण 'उशीर झाला की उमेदवार दुरावतो' एवढं अर्धं वाक्य उचलतो. 'पर्याय असेल तर' हे उरलेलं अर्धं मागेच राहतं. आपल्या कामाचं ते अर्धं आहे.

तलाठी भरतीवर हीच फुटपट्टी लावून बघा

२०२३ ची तलाठी भरती घ्या. जाहिरात ४,६४४ जागांची. अर्ज दहा लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात, ऑनलाइन, ५७ सत्रांत. २१ ऑगस्टला सकाळच्या सत्रात सर्व्हर बंद पडला आणि नागपूरसह राज्यातल्या अनेक केंद्रांबाहेर मुलं ताटकळत उभी राहिली. पेपर कधी सुरू होणार, होणार की नाही, हे दारावरच्या माणसालाही माहीत नसतं अशा वेळी.

आता समजा, त्या उमेदवारांना तुम्ही प्रश्नावली दिली: 'या विभागाच्या पुढच्या भरतीत तुम्ही पुन्हा अर्ज कराल का?' एक ते पाच गुण. काय उत्तर येईल? जवळजवळ सगळे पाचवर खूण करतील. ज्याला नीट वागवलं गेलं तोही आणि जो तीन तास उन्हात उभा राहिला तोही. कारण अर्ज न करून जायचं कुठे?

इथे संख्याशास्त्राची गंमत लक्षात घ्या. सहसंबंध दिसायचा तर दोन्ही व्हेरिएबलमध्ये फरक लागतो. एकीकडे सगळ्यांचे गुण पाचच असतील तर वागणूक कितीही वाईट असो, सहसंबंध शून्याच्या आसपास येणार. एसपीएसएस तुम्हाला सांगेल की 'संवादाचा अर्ज करण्याच्या इच्छेवर लक्षणीय परिणाम नाही'. आकडेमोड बरोबर, निष्कर्ष साफ दिशाभूल करणारा. जिथे नुकसान सगळ्यात जास्त, तिथेच ते मापात येत नाही.

अल्बर्ट हिर्शमन यांचं १९७० चं 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक इथे कामाला येतं. एखादी संस्था बिघडली की माणसाकडे दोन रस्ते: सोडून जाणं किंवा बोलणं. भरतीवरचं बहुतेक संशोधन सोडून जाण्याभोवती फिरतं. सरकारी भरतीच्या उमेदवाराकडे तो रस्ताच नाही. उरतं बोलणं: निवेदन, ट्विट, मोर्चा, माहिती अधिकार, कोर्ट. १४ मार्च २०२१ ची एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी, ११ मार्चला, पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, राज्यभर निदर्शनं झाली, आणि परीक्षा २१ मार्चला झाली. तुमच्या प्रश्नावलीत 'बोलणं' मोजणारा एकही प्रश्न नसेल, तर हा सगळा प्रतिसाद तुमच्या डेटाच्या बाहेर राहिला.

२०० पैकी २१४

याच तलाठी भरतीचा दुसरा टप्पा संवादाच्या दृष्टीने जास्त बोलका आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुण जाहीर झाले आणि २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसले. सगळीकडे घोटाळ्याची चर्चा सुरू झाली.

तांत्रिक बाजू अशी. ५७ सत्रांत ५७ वेगळे पेपर. एकाचा सोपा, एकाचा अवघड. म्हणून सगळ्यांचे गुण एका पातळीवर आणायला सूत्र वापरतात. त्याला सामान्यीकरण किंवा नॉर्मलायझेशन म्हणतात. अवघड सत्रात फार वरच्या गुणांवर असलेल्याचे गुण सूत्रातून गेल्यावर कमाल गुणांच्याही पुढे जाऊ शकतात. म्हणजे २१४ हा आकडा एकट्याने घोटाळ्याचा पुरावा ठरत नाही. पण घोटाळा झाला नाही याचाही तो पुरावा नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

संवादाच्या अभ्यासकाने इथे काय बघावं? सूत्र कुठल्यातरी पीडीएफमध्ये असणं आणि उमेदवाराला ते कळणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'कमाल गुणांपेक्षा जास्त गुण दिसू शकतात, आणि ते का' हे एक सोपं वाक्य निकालाच्या पानावर, निकालासोबत, हवं होतं. प्रत्यक्षात स्पष्टीकरणांची धावपळ गदारोळ झाल्यावर झाली. गदारोळानंतर आलेलं तेच स्पष्टीकरण सारवासारव वाटतं. शब्द तेच असले तरी वेळ बदलली की अर्थ बदलतो. गिलिलँड यांच्या दहा नियमांत 'माहिती द्या' आहे. ती कधी द्यायची याला स्वतंत्र महत्त्व आहे, आणि आपल्याकडचा डेटा हे फार चांगलं दाखवू शकतो.

एक सावधगिरी. स्पष्टीकरणाचा परिणाम दाखवणारं एक गाजलेलं संशोधन जेराल्ड ग्रीनबर्ग यांचं, १९९० चं. कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. जिथे कारण नीट आणि सहानुभूतीने सांगितलं, तिथे त्या काळात चोऱ्या कमी झाल्या. हे वाचून व्यवस्थापन काय शिकतं बघा: गोड बोललं की माणसं शांत राहतात. कपात मात्र दोन्हीकडे सारखीच होती. तेव्हा 'संवाद सुधारला, समाधान वाढलं' एवढ्यावर थांबू नका. ज्याबद्दल संवाद चाललाय ती जागा शेवटी भरली का, हे विचारत राहा.

खासगीतही पारडं फिरतं

कुणी म्हणेल, हे सरकारी भरतीचं रडगाणं झालं, आयटीत असं नसतं. मिहानमध्ये इन्फोसिस आणि टीसीएस दोघांचेही कॅम्पस आहेत, त्यामुळे नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हा प्रश्न जवळचाच.

२०२१-२२ मध्ये आयटीला माणसं हवी होती. तेव्हा मुलं दोन-तीन ऑफर हातात ठेवून रुजू व्हायच्या दिवशी येतच नाहीत, अशी कंपन्यांची तक्रार होती. मग मागणी आटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांच्या ऑफरवर थांबलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. २०२२ मध्ये इन्फोसिसच्या कॅम्पस निवडीत आलेल्या सुमारे दोन हजार मुलांना दोन वर्षं रुजू करून घेतलं गेलं नाही, अशी तक्रार जून २०२४ मध्ये पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली. ऑगस्टमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी सगळ्या ऑफर पाळल्या जातील असं सांगितलं आणि मग रुजू होण्याच्या तारखा आल्या.

दोन वर्षांत पारडं फिरलं आणि गप्प बसणाराही बदलला. आधी उमेदवार कळवत नव्हते, नंतर कंपन्या. यावरून मला वाटतं, भरतीतला संवाद हा कुणाच्या चांगुलपणाचा किंवा एचआरच्या प्रशिक्षणाचा प्रश्न कमी आणि कुणाला कुणाची गरज आहे याचा प्रश्न जास्त आहे. तुम्ही 'एचआरच्या संवादकौशल्यांचा अभ्यास' असा विषय घेतला, तर ही बाब पहिल्याच पानावर हातातून सुटते.

थांबण्यावरचं दुसरं लिटरेचर

मॅनेजमेंटच्या कपाटातून उठून समाजशास्त्राच्या कपाटाकडे गेलात की वेगळीच पुस्तकं हाताला लागतात. बॅरी श्वार्ट्झ यांनी १९७५ मध्ये 'क्यूइंग अँड वेटिंग' लिहिलं. कोण कुणाला थांबवू शकतो यावरून सत्ता कुणाकडे हे कळतं, हा त्यांचा मुद्दा. हाविएर आउयेरो यांनी ब्युनोस आयर्समधल्या कल्याण कार्यालयांत थांबलेल्या गरिबांचा अभ्यास केला. 'पेशंट्स ऑफ द स्टेट' हे त्यांचं २०१२ चं पुस्तक. 'उद्या या' ऐकून ऐकून माणूस हक्क मागणारा न राहता निमूट थांबणारा कसा होतो, ते त्यात आहे. आपल्या जवळचं म्हणजे क्रेग जेफ्री यांचं २०१० चं 'टाइमपास'. मेरठमधले शिकलेले, नोकरी नसलेले, वर्षानुवर्षं कॉलेजच्या आवारात रेंगाळणारे तरुण हा त्याचा विषय.

ही पुस्तकं उमेदवाराच्या बाजूने वाट पाहणं बघतात. म्हणून ती वाचाच. पण यांचीही एक मर्यादा. इथे सगळं थांबणं एकाच रंगाचं दिसतं. प्रत्यक्षात काही थांबणं अटळ असतं. लाखो उत्तरपत्रिका तपासायला वेळ लागणारच, कोर्टाची स्थगिती आली तर थांबावंच लागणार. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, त्याआधीपासून करोना होता. त्या काळातल्या भरत्या अडकण्यामागे ही खरी कारणं होती. प्रत्येक उशिराला सत्तेचा खेळ म्हटलं तर अटळ आणि टाळता येणारा यातला फरकच पुसला जातो. आणि अधिकाऱ्याला तेच हवं असतं: 'उशीर होतोच हो.'

उशीर वेगळा, मौन वेगळं

माझ्या मते दोन्ही प्रकारच्या संशोधनाने उशीर आणि मौन यांची सरमिसळ केली आहे. आपल्या कामासाठी चार गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात.

पहिली, निर्णयच झालेला नाही. दुसरी, निर्णय झाला पण सांगितला नाही. तिसरी, सांगितला पण उपयोग होणार नाही अशा वेळी. २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ला होणारी आरोग्य विभागाची गट क आणि गट डची परीक्षा २४ तारखेला संध्याकाळी पुढे ढकलली. परगावचं केंद्र मिळालेले कितीतरी उमेदवार तोवर प्रवासाला निघाले होते. 'कळवलं' या रकान्यात याला टिक मिळेल, पण तिकिटाचे पैसे परत येत नाहीत. चौथी गोष्ट सगळ्यात वाईट: निर्णय होण्याची शक्यताच नाही, आणि तेही कुणी सांगत नाही.

बाहेर थांबलेल्याला या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. वेबसाइटवर काहीच नवीन नाही. त्यामुळे तो दुसरा निर्णय घेऊ शकत नाही. नोकरी धरावी की अभ्यास सुरू ठेवावा, खोली सोडावी की ठेवावी, घरच्यांना काय सांगावं. मौनाचं नुकसान इथे आहे, आणि ते उशिराच्या नुकसानाहून वेगळं आहे. सहा महिने लागणार हे ठाऊक असेल तर माणूस सहा महिन्यांची सोय लावतो. उद्या कळेल की वर्षाने, हेच माहीत नसेल तर काहीच लावता येत नाही.

शिक्षकभरतीचं 'पवित्र' पोर्टल बघा. नावातली अक्षरं फोडली तर त्यात 'व्हिजिबल टू ऑल', म्हणजे सगळ्यांना दिसेल असं, हे शब्द आहेत. अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पहिली निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये आली. मधल्या वीस महिन्यांपैकी किती वर सांगितलेल्या कुठल्या प्रकारात मोडतात, हा एक अख्खा प्रबंध होऊ शकतो.

हा खेळ आकड्यांचा नाही याची आठवण ठेवावी लागते. २०२१ च्या जूनअखेर पुण्यात एका २४ वर्षांच्या उमेदवाराने आत्महत्या केली. एमपीएससीची २०१९ ची अभियांत्रिकी सेवा मुख्य परीक्षा तो पास झाला होता आणि वर्षाहून जास्त काळ मुलाखतीची वाट बघत होता. आत्महत्येला एकच कारण कधी नसतं. म्हणून असा मृत्यू आपल्या हायपोथेसिसचा पुरावा म्हणून वापरू नये, हे मी आग्रहाने सांगेन. पण त्यानंतर जे उघड झालं ते संशोधकाने टिपायला हवं: आयोगातल्या सदस्यांच्याच जागा रिकाम्या होत्या आणि त्या ३१ जुलैपर्यंत भरू, असं सरकारला विधानसभेत सांगावं लागलं. मुलाखत घेणारेच पुरेसे नसतील तर मुलाखत कधी, याचं उत्तर कोण देणार? ही वरची चौथी गोष्ट.

एवढ्या लाखांना कसं कळवणार?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण दोन गोष्टी बघा. फी भरली की काही क्षणांत पैसे मिळाल्याचा मेसेज येतो. म्हणजे लाखो लोकांना एकेकट्याने कळवण्याची यंत्रणा आहे, फक्त ती पैशाच्या टोकाला जोडलेली आहे. दुसरं, यूपीएससी परीक्षांचं वार्षिक कॅलेंडर आधी जाहीर करते. नागरी सेवा परीक्षेलाही अर्ज दहा लाखांच्या आसपास असतात. तेव्हा संख्या ही अडचण आहे, सबब नाही.

कायद्याची बाजूही थोडी माहीत हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात सांगितलं की निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा अबाधित हक्क मिळत नाही. मात्र सरकारला मनमानी करता येत नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला तेजप्रकाश पाठक प्रकरणात घटनापीठाने म्हटलं की भरती सुरू झाल्यावर खेळाचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असल्याशिवाय. आणि असलीच तर तीही मनमानी चालणार नाही. हे दोन्ही निकाल निर्णयाबद्दल आहेत. कळवण्याबद्दलचा एक प्रयोग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झाला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांत निवडीचा निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवावं लागतं. निर्णय घ्याच असं तो कायदा म्हणत नाही. घेतला की नाही एवढं सांगा म्हणतो. उशीर आणि मौन वेगळं काढायचं म्हणजे काय, त्याचं हे कायद्याच्या भाषेतलं उदाहरण.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं

कुठलीही एक भरती घ्या. दोन रांगांत तारखा लिहा. वरच्या रांगेत निर्णयाच्या: जाहिरात, परीक्षा, उत्तरतालिका, गुण, कागदपत्र तपासणी, नेमणूक. खालच्या रांगेत तोच निर्णय उमेदवारांना कळल्याच्या. दोन रांगांमधलं अंतर म्हणजे मौन. वरच्या रांगेतल्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे उशीर. खालच्या तारखा वेबसाइटवर आणि वर्तमानपत्रांत मिळतात. वरच्या माहिती अधिकारात मागा. २००५ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर अपील करा आणि तीही नोंद ठेवा. मौनाचा अभ्यास करताना मिळालेलं मौन हाही डेटाच आहे.

उमेदवारांच्या बाजूने 'समाधानी आहात का' एवढंच विचारू नका. या काळात किती पैसे गेले, कुठलं काम नाकारलं, किती परीक्षा याच काळात हुकल्या, घरात काय बदललं, हे विचारा. आणि वय घ्याच. राज्यात खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. मार्च २०२३ मध्ये शासनाने डिसेंबरअखेरपर्यंत दोन वर्षांची सवलत दिली, कारण करोनात वर्षं वाया गेली हे सरकारलाही मान्य करावं लागलं. चोवीस वर्षांच्या मुलीचा मौनातला एक महिना आणि सदतीस वर्षांच्या माणसाचा एक महिना, कॅलेंडरवर सारखे असले तरी सारखे नाहीत. तुमच्या टेबलमध्ये 'वय' याऐवजी 'उरलेली वर्षं' असा रकाना टाकून बघा, निकाल बदललेले दिसण्याची शक्यता बरीच आहे.

सॅम्पलचंही बघा. अभ्यासिकेत जाऊन फॉर्म भरून घेणं सोपं, पण तिथे अजून टिकून असलेलेच भेटतात. वाट पाहून कंटाळले, गावी परत गेले, दुकान टाकलं, लग्न होऊन गेल्या, ते तिथे नसतात. मौनाची सगळ्यात जास्त किंमत कदाचित त्यांनी मोजली आहे. जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांच्यापर्यंत पोचता येतं. दहा सापडले तरी चालतील, मुलाखती घ्या.

आणि सिनॉप्सिस गाईडला दाखवण्याआधी एक काम करा. प्रत्येक आउटकम व्हेरिएबलसमोर पेन्सिलने लिहा, हा कुणाच्या वहीतला: संस्थेच्या की उमेदवाराच्या? सगळे एकाच वहीतले निघाले तर प्रश्नावली वाटायला घेऊ नका, आधी दुसरी वही उघडा.